कोलंबसाच्या रोजनिशींतील उजेडाची नोंद

आमच्या एका संग्राहक स्नेह्यानें मध्यंतरीं आमच्यापुढें एक छापील पान ठेविलें. क्रिस्तोफर कोलंबस हा १४९२ च्या ऑक्टोबरांत नव्या जगाच्या किनाऱ्यास लागण्यापूर्वीं कांहीं तास त्यास आकाशांत एक अद्भुत दीप्ति दिसली. ती वरखालीं हालत होती, लोपत होती, पुन्हां चमकत होती. आणि तिचा उलगडा आजवर कोणास झालेला नाहीं, असें त्या पानावरील विधान होतें. स्नेह्यानें विचारलें, हें खरें कीं खोटें? आम्हीं म्हटलें, खरेंखोटें मागाहून पाहूं. आधीं ह्यास आधार कोणत्या कागदाचा तें सांगा. पानावर कागदाचा उल्लेख मुळींच नव्हता. इ. स. १९४७ नंतर उडत्या तबकड्यांविषयीं जें विपुल वाङ्मय निर्माण झालें, त्यांत हें विधान वारंवार येतें, आणि बहुधा असेंच निराधार येतें.

विषय परदेशचा आहे, व प्रथमदर्शनीं आमच्या वाचकांच्या कक्षेबाहेरचा वाटेल. तथापि नकलेवरून केलेला गोषवारा, हरवलेलें अस्सल, एकाच प्रसंगाच्या परस्परविरोधी हकीकती आणि सर्वांच्या मुळाशीं एका इनामाचा दावा, हीं सर्व लक्षणें ज्या प्रकरणांत एकत्र झालीं आहेत, तें आमच्या दफ्तरखान्यांत बसणाऱ्यांस परकें वाटण्याचें कारण नाहीं. म्हणून ही नोंद जरा सावकाश तपासण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम कागदाची वंशावळ. कोलंबसानें पहिल्या सफरीची रोजनिशी लिहिली, व परत आल्यावर १४९३ त ती बार्सिलोना येथें राजाराणीस सादर केली. राणी इसाबेला हिनें अस्सल आपल्यापाशीं ठेवून नक्कल करविली व ती कोलंबसाकडे पाठविली. अस्सल गेलें. नक्कलही गेली. आज जें उपलब्ध आहे तें बार्तोलोमे दे लास कासास ह्या धर्मोपदेशकानें सोळाव्या शतकाच्या चवथ्या दशकाच्या सुमारास, त्या नकलेवरून किंवा तिच्या नकलेवरून, स्वहस्तें काढलेलें टांचण होय. हें टांचण इन्फान्तादोच्या ड्यूकाच्या ग्रंथसंग्रहांत पडून होतें. तें मार्तीन फर्नांदेस दे नाव्हारेते ह्या आरमारी अधिकाऱ्यास १७९१ च्या सुमारास सांपडलें, आणि १८२५ त त्यानें तें छापून प्रसिद्ध केलें. हल्लीं तें माद्रिद येथील राष्ट्रीय ग्रंथालयांत आहे.

लास कासास हा लेखक प्रामाणिक आहे, असें आमचें मत आहे. जेथें तो कोलंबसाचे शब्द जसेच्या तसे उतरून घेतो तेथें हे त्याचेच शब्द आहेत असें बजावून सांगतो. इतरत्र तो आपल्या भाषेंत, ‘सरखेलानें असें केलें, सरखेलानें तसें म्हटलें’ अशा तृतीयपुरुषी रीतीनें सारांश देतो. (स्पॅनिश पदवीस आम्ही सरखेल हा शब्द योजिला आहे. आंग्र्यांच्या कागदांशीं परिचय असणाऱ्यांस तो सोयीचा पडेल.) वाचकांनीं येथेंच एक गोष्ट ध्यानांत धरावी. उजेडाची नोंद ही ह्या दुसऱ्या प्रकारांतील आहे. कोलंबसाचे स्वतःचे म्हणून दिलेले शब्द त्यानंतर, ग्वानाहानी बेटावर उतरून तेथील लोकांची भेट झाल्यावर, सुरू होतात. म्हणजे जी नोंद कोलंबसाची साक्ष म्हणून जगभर सांगितली जाते ती त्याच्या शब्दांत आपणांपाशीं नाहीं.

आतां नोंदीचा आशय. ११ ऑक्टोबर, गुरुवार. दिवसभर समुद्र खवळलेला होता. साऱ्या सफरींत इतका कधीं नव्हता असें टांचणांतच म्हटलें आहे. पाण्यांतून हिरवा बोरू, एक काठी, वेताचा तुकडा, जमिनीवर उगवणारें गवत अशीं चिन्हें वाहत येतांना दिसलीं, आणि त्यामुळें सर्व खलाशांस धीर आला. सूर्यास्तानंतर जहाजें पश्चिमेस चालूं लागलीं. वेग ताशीं १२ मैल. मध्यरात्रीनंतर दोन तासांपर्यंत ९० मैल, म्हणजे साडेबावीस लीग, काटले गेले. पिंता हें जहाज चालीस जलद असल्यामुळें पुढें होतें. त्यास जमीन दिसली व त्यानें ठरल्याप्रमाणें खूण केली. ही जमीन प्रथम पाहणाऱ्या खलाशाचें नांव रोद्रिगो दे त्रियाना. इतकें सांगून झाल्यावर टांचणकार मागें वळतो, व ‘तथापि’ अशा अर्थाच्या शब्दानें पुढील मजकूर जोडतो: सरखेल रात्रीं दहा वाजतां जहाजाच्या पिछाडीच्या उंच माळ्यावर असतां त्यास उजेड दिसला होता, पण तो इतका अस्पष्ट होता कीं ही जमीनच असें निश्चयानें म्हणण्यास तो धजला नाहीं. त्यानें राजाच्या फरासखान्याकडील पेरो गुतिएरेस ह्यास बोलावून पाहावयास सांगितलें, व त्यास तो दिसला. राजाराणीनें आरमाराबरोबर पाठविलेला तपासनीस रोद्रिगो सांचेस ह्यासही सांगितलें, पण तो जेथें होता तेथून दिसण्यासारखें नसल्यामुळें त्यास कांहीं दिसलें नाहीं. पुढें तो उजेड एकदोनदां दिसला. वरखालीं होणाऱ्या लहानशा मेणबत्तीसारखा तो होता. थोड्यांसच तो जमिनीचें चिन्ह वाटला असता, परंतु सरखेलास जमीन जवळ असल्याची खात्री झाली. आणि म्हणून, सायंप्रार्थनेच्या वेळीं सर्व जमले असतां त्यानें नाळेवर नीट पहारा ठेवण्यास बजाविलें, व जो प्रथम जमीन पाहील त्यास राजाराणीनें कबूल केलेल्या दहा हजार मारवेदींच्या वर्षासनाखेरीज आपण एक रेशमी बंडी देऊं असें सांगितलें.

ह्या मजकुरांत आकाशाचें नांव नाहीं. तारा, उल्का, मेघ, अंतरिक्ष, ह्यांपैकीं एकही शब्द नाहीं. जो उजेड दिसला तो जमिनीचा असावा कीं नसावा एवढाच प्रश्न नोंदणाऱ्यापुढें होता. तेव्हां स्नेह्याच्या पानावरील विधानांतून ‘आकाशांत’ हा शब्द प्रथम खोडावा लागतो. तो कोठून आला हें पुढें पाहूं.

परंतु नोंद एवढ्यानें निर्दोष ठरत नाहीं. तिचे सांधे नीट जुळलेले नाहींत. ती कालक्रमानें आपल्या जागीं नाहीं: दहा वाजतांची गोष्ट दोन वाजतांच्या गोष्टीनंतर, आणि तीहि त्रियानाचें नांव येतांच त्यास छेद देण्यासाठीं, आली आहे. रोजनिशी लिहिणारा मनुष्य रात्रीं दहाला कांहीं विशेष पाहतो तर दहाच्या जागीं लिहितो. येथें मात्र घटना सांगितलेली नसून हक्क सांगितला आहे. दुसरें, एका वाक्यांत त्यास जमीन असें म्हणवत नाहीं, आणि चार ओळींनंतर त्याची खात्री झालेली आहे. तिसरें, सायंप्रार्थना ही रात्रीं दहानंतरची गोष्ट नव्हे. उजेड दिसल्यामुळें प्रार्थनेच्या वेळीं ताकीद दिली हा कार्यकारणभाव घड्याळाशीं जुळत नाहीं. ताकीद आधींची असावी. दिवसभर दिसलेल्या चिन्हांवरून ती देणें स्वाभाविकच होतें. टांचण करतांना दोन निराळे मजकूर एकत्र शिवले गेले, कीं मूळ रोजनिशींतच मागाहून भर घातली गेली, हें अस्सलावांचून ठरणार नाहीं. शिवण मात्र दिसते. आणि ताकीद जर उजेडानंतरचीच मानली तर दुसरी अडचण उभी राहते: प्रथम पाहणारा आपणच असें ज्यास वाटत होतें त्यानें प्रथम पाहणाऱ्यास बंडी कबूल कां करावी?

त्याच रात्रीचें वर्तन पाहा. जमीन जवळ आहे अशी ज्याची खात्री झाली तो नाखवा अनोळखी समुद्रांत, अंधारांत, वारा पाठीशीं असतां काय करील? कोंकणपट्टीवरील कोणताही तांडेल सांगेल कीं तो शिडें उतरवील. कोलंबसानें दहा वाजतां शिडें उतरविलीं नाहींत. पुढील चार तास जहाजें त्याच वेगानें चाललीं. पिंतेची खूण झाल्यावर मात्र त्यानें शिडें उतरवून दिवस उजाडेपर्यंत थांबून घेतलें. म्हणजे पिंतेच्या खुणेवर त्यानें जहाजें थांबविण्याइतका विश्वास ठेविला. स्वतःच्या उजेडावर ठेविला नाहीं.

आतां अंतराचा हिशेब. सर्व आंकडे टांचणांतीलच घेऊं. दहापासून दोनपर्यंत चार तास, ताशीं १२ मैल, म्हणजे ४८ मैल. दोन वाजतां जमीन दोन लीग, म्हणजे आणखी ८ मैल. एकूण ५६. हा मैल रोमन धरला तर सुमारें ८३ किलोमीटर होतात. पाण्यापासून आठनऊ मीटर उंचीवर उभ्या असलेल्या मनुष्याचें क्षितिज ११ किलोमीटरांपलीकडे नसतें. त्याच्या पलीकडील ७२ किलोमीटरांवरचा दिवा पृथ्वीच्या गोलाईवरून दिसावयाचा तर तो चारशें मीटर उंचीवर असला पाहिजे. बहामा द्वीपसमूहांतील सर्वांत उंच टेकडी कॅट बेटावर आहे, व तिची उंची ६३ मीटर आहे. कोलंबसाचा वेगाचा अंदाज फुगलेला असेल म्हणून अंतरांतून चौथा हिस्सा वजा केला, तरीही दोनशें मीटरांची उंची लागते. दिवा मेणबत्तीएवढा नसून वणवा असता तरी गोलाई त्यास सवलत देत नाहीं. तेव्हां दुसऱ्या दिवशीं कोलंबस ज्या बेटावर उतरला त्याच्या किनाऱ्यावरचा तो उजेड नव्हता, हें निश्चित.

ह्या अडचणींतून वाट काढण्यासाठीं अनेकांनीं अनेक तर्क केले आहेत. किनाऱ्यावरचा नसेल तर होडींतील कोळ्याचा पलिता असेल, हा एक. पण सफरींतील सर्वांत खवळलेल्या समुद्रांत, जमिनीपासून इतक्या दूर, रात्रीं एका लांकडाची कोरलेली होडी पलिता घेऊन कशास जाईल? वाटेंत एखादें बेट मागें टाकलें गेलें व उजेड त्याचा होता, हा दुसरा. ज्यांनीं उतरण्याचें ठिकाण कॅट बेट मानिलें त्यांस हा सोयीचा होता, कारण वॉटलिंग बेट त्याच्या पूर्वेस पडतें. पण बहुतेक अभ्यासक आज वॉटलिंग हेंच ग्वानाहानी मानतात. त्यास १९२६ पासून सान साल्व्हादोर हें नांवही अधिकृतपणें देण्यात आलें आहे. सामाना बेटाचा पक्ष १८८२ त फॉक्स ह्यानें मांडला व १९८६ त तो पुन्हां हिरीरीनें मांडला गेला. तो वाद येथें उकरण्याचें प्रयोजन नाहीं. एवढेंच सांगतों कीं, जो उजेड स्वतः सिद्ध झालेला नाहीं त्याच्या आधारें बेट सिद्ध करूं पाहणें म्हणजे वाळूवर खुंटा ठोकणें होय.

तिसरा तर्क अधिक विचाराचा आहे. क्रॉशे ह्या शास्त्रज्ञानें १९३५ त ‘नेचर’ पत्रांत असें सुचविलें कीं, त्या समुद्रांत एक जातीचे किडे आहेत, ते चांद्रमासाच्या ठराविक तिथींस रात्रीं प्रजोत्पादनासाठीं पृष्ठभागावर येऊन चकाकतात. कोलंबसानें पाहिला तो उजेड त्यांचा असावा. त्या रात्रीं पौर्णिमा उलटून पांचसहा दिवस झाले होते व दहा वाजतां चंद्र उगवावयाचा होता, ही गोष्ट त्या तर्कास अनुकूल आहे. किड्यांचा उजेड लाटेबरोबर वरखालीं होईल व एकदोनदां दिसून लोपेल, हेंही खरें. प्रतिकूल गोष्ट अशी कीं हे किडे उथळ पाण्यांत नांदतात, आणि जहाजें ज्या जागीं होतीं तेथील समुद्र अत्यंत खोल आहे. अमेरिकन इतिहासकार सॅम्युएल एलियट मॉरिसन स्वतः शिडाच्या जहाजानें त्या मार्गानें फिरला. त्यानें आपल्या १९४२ च्या चरित्रग्रंथांत हा उजेड ताणलेल्या मनाचा भास ठरविला. दिवसभर जमिनीचीं चिन्हें पाहिलेल्या, तीस दिवसांहून अधिक पाणीच पाहत आलेल्या माणसास अंधारांत उजेड दिसणें हें समुद्रावरील लोकांच्या नित्य परिचयाचें आहे, असें त्याचें म्हणणें. आम्हांस हें मत इतर मतांपेक्षां ग्राह्य वाटतें. मात्र भास एकास झाला तर गुतिएरेसास काय झालें, ह्याचें उत्तर त्यानें पुरें होत नाहीं.

आतां इतर हकीकती. लास कासासानें आपल्या ‘इंडीजच्या इतिहासां’त हाच प्रसंग पुन्हां सांगितला. तेथें तो स्वतःच्या अनुभवाची भर घालतो: ह्या बेटांवरील लोक रात्रीं देहधर्मासाठीं घराबाहेर पडतांना हातांत जळती चूड घेतात, आणि असे उजेड आपण अनेकदां पाहिले आहेत. माहिती खरी असेल. पण ऐंशीं किलोमीटरांवरून ती चूड दिसत नाहीं. येथें टांचणकार भाष्यकार झाला आहे. कोलंबसाचा पुत्र फर्नांदो ह्यानें बापाचें चरित्र लिहिलें; तें १५७१ त व्हेनिस येथें इटालियन भाषांतरानें प्रथम छापलें गेलें. त्यांत उजेड कोळ्यांच्या अथवा एका घरांतून दुसऱ्या घरांत जाणाऱ्या माणसांच्या हातचा असावा, असें स्पष्टीकरण येतें. अर्थात् टांचणांतील लहानशी मेणबत्ती एका पिढींत घरें, वाटा आणि माणसें घेऊन वाढली. पुढें १८२८ त वॉशिंग्टन अर्व्हिंग ह्या अमेरिकन साहित्यिकानें कोलंबसाचें चरित्र लिहिलें. अर्व्हिंगची लेखणी मोठी रसाळ. त्यानें फर्नांदोचें कोळी आणि घरें घेतलीं, दूर अंतरावरील लुकलुक घातली, आणि टांचणांतील ‘एकदोनदां दिसला’ ह्या कोरड्या शब्दांच्या जागीं अवचित येऊन जाणाऱ्या चमका आणल्या. आमच्या स्नेह्याच्या पानावरील चमकणें व लोपणें हें बहुतांशीं ह्या अर्व्हिंगचें आहे. त्यांतून कोळी, होडी व घरें गाळलीं कीं उरतो तो नुसता अधांतरीं उजेड. आणि अधांतरीं उजेडास आकाशांत जाण्यास कितीसा वेळ लागतो? आमच्या बखरींत अफझलखानाच्या भेटीचें वर्णन पिढीगणिक कसें वाढत गेलें हें ज्यांनीं ताडून पाहिलें आहे त्यांस ह्या वाढीचें नवल वाटणार नाहीं. बखरकार निदान वर्णन वाढवितांना मूळ पात्रें तरी गाळीत नाहीं.

ओव्हिएदो ह्या राजेतिहासकाराची १५३५ त छापलेली हकीकत निराळ्याच घराण्याची आहे. तिच्याप्रमाणें सरखेलाच्याच जहाजावरील लेपे गांवच्या एका खलाशानें ‘उजेड, जमीन’ असें ओरडून सांगितलें. तेव्हां सरखेलाच्या साल्सेदो नांवाच्या नोकरानें त्यास गप्प केलें, कीं हें धनी कधींच बोलून चुकले आहेत. आणि सरखेलानेंही आपण तो बराच वेळ आधीं पाहिला असल्याचें सांगितलें. बक्षीस न मिळाल्यामुळें तो खलाशी पुढें आफ्रिकेंत जाऊन धर्म बदलून राहिला, असेंही ओव्हिएदो ऐकीव म्हणून देतो. धर्मांतराची गोष्ट आम्ही बाजूस ठेवितों. ती बक्षीस हुकलेल्या माणसाविषयीं बंदरांत रचल्या जाणाऱ्या गोष्टींपैकीं दिसते. परंतु ह्या हकीकतींत एक बारीक खूण आहे. तिच्यांतील प्रत्येक पात्र ‘आधीं कोण’ ह्याच एका प्रश्नाविषयीं बोलतें. उजेड काय होता ह्याची विचारणा कोणीच करीत नाहीं.

आणि तेंच ह्या प्रकरणाचें मर्म आहे. दहा हजार मारवेदी ही रक्कम लहान नव्हती. त्या सफरींत निष्णात खलाशाचा पगार महिन्यास सुमारें एक हजार मारवेदी होता. म्हणजे दहा महिन्यांची मजुरी दरसाल, घरबसल्या. ह्यापूर्वीं २५ सप्टेंबरास पिंतेचा कप्तान मार्तीन आलोन्सो पिन्सोन ह्यानें जमीन दिसल्याचें ओरडून बक्षीस मागितलें होतें. ती जमीन ढग निघाली. ७ ऑक्टोबरास नीन्या जहाजानें निशाण चढवून तोफ उडविली. तीही फुकट गेली. फर्नांदो सांगतो कीं, अशा खोट्या हांकांस आळा घालण्यासाठीं नियम केला गेला होता: ज्यानें जमीन म्हणून हांक दिली व तीन दिवसांत ती सांपडली नाहीं, त्यानें पुढें खरोखर प्रथम पाहिली तरी त्याचा बक्षिसावरचा हक्क बुडाला. हा नियम ध्यानांत घेतला म्हणजे रात्रीं दहा वाजतांचें वर्तन स्पष्ट होतें. उघड हांक देण्यांत जोखीम होती. न देण्यांत दुसरा कोणी पुढें जाण्याची भीति होती. कोलंबसानें मधला मार्ग काढला. हांक दिली नाहीं, साक्षीदार केले. तेही कोणते? एक राजाच्या घरचा माणूस, दुसरा राजानें नेमलेला तपासनीस. खलाशांपैकीं कोणास बोलावल्याचें टांचणांत नाहीं. हा आमचा तर्क आहे, हें आम्ही कबूल करितों. पण नोंदींतील ज्या दोन माणसांचीं नांवें मुद्दाम घेतलीं आहेत त्यांचा दुसरा उपयोग आम्हांस दिसत नाहीं.

दोहोंपैकीं तपासनीसास कांहीं दिसलें नाहीं, हें टांचणांत राहिलें आहे. जी गोष्ट लिहिणाऱ्याच्या हिताविरुद्ध असूनही कागदांत टिकते, ती सामान्यतः खरी मानावी, हा आमच्या शास्त्राचा नियम. त्यावरून आमचा ग्रह असा कीं नोंद लास कासासानें रचलेली नाहीं. ती कोलंबसाच्या रोजनिशींत होती, व कोलंबसास त्या रात्रीं कांहींतरी दिसल्यासारखें खरोखर वाटलें होतें. ज्यांनीं त्यास सरळ लबाड ठरविलें त्यांच्याशीं आम्ही सहमत नाहीं. परंतु ती रोजनिशी कोणास सादर व्हावयाची होती? ज्यांनीं वर्षासन द्यावयाचें त्या राजाराणीस. वतनाच्या तंट्यांत वादी आपला करीना लिहून देतो, तो करीना शंभर टक्के अस्सल असतो; कागद जुना, हात वादीचा, शिक्का खरा. म्हणून वतन त्याचेंच होतें असें कोणी म्हणत नाहीं. त्यासाठीं महजर होतो, गोतांतील साक्षी घेतल्या जातात. अस्सल कागद हातीं आला कीं वाद संपला असें मानणारे संग्राहक आमच्यांत पुष्कळ आहेत, आणि त्यांचा उत्साह आम्हांस मान्य आहे. पण हरवलेली रोजनिशी उद्यां कोलंबसाच्या हस्ताक्षरांत सांपडली तरी ह्या उजेडापुरता तो करीनाच राहील.

महजर ह्या प्रकरणीं झाला नाहीं. एकमेव अनुकूल साक्षीदार गुतिएरेस हा नाताळांत सांता मारिया फुटल्यावर हायती बेटावर ठेवलेल्या ला नाव्हिदाद येथील ठाण्यांत मागें राहिला, आणि १४९३ च्या नोव्हेंबरांत कोलंबस परत तेथें पोंचला तेव्हां ठाण्यांतील एकही मनुष्य जिवंत नव्हता. त्याची जबानी कोणी कधींच घेतली नाहीं. वर्षासन कोलंबसास मिळालें. तें सेव्हिल्यच्या खाटिकखान्यांच्या उत्पन्नावर लावून दिलें होतें, असें फर्नांदो म्हणतो, व ह्यास समर्थन म्हणून काळोखांत प्रथम उजेड पाहणाऱ्यानें पुढें त्या देशांत धर्माचा उजेड नेला अशी कोटीही करितो. पुढें हेंच वर्षासन कोलंबसानें बेआत्रिस एन्रिकेस हिच्याकडे लावून दिलें. ती फर्नांदोची आई. तेव्हां फर्नांदोच्या साक्षीचें वजन करतांना हें पारड्यांत टाकणें भाग आहे.

ह्याच टांचणांत आकाशांतील एक खरा उजेड आहे, आणि त्याची कोणी आठवण काढीत नाहीं. १५ सप्टेंबरच्या रात्रीं आकाशांतून आगीची एक विलक्षण फांदी तुटून चारपांच लीगांवर समुद्रांत पडतांना सर्वांनीं पाहिली. ती उल्का होती हें उघड आहे. अंतराचा अंदाज मात्र डोळ्यांनीं फसविलेला, कारण उल्का ऐंशीं-शंभर किलोमीटर उंचीवर जळतात, व जवळ पडल्यासारख्या दिसतात. ही नोंद आपल्या तारखेस, आपल्या जागीं, एका वाक्यांत आहे. तींत ‘तथापि’ नाहीं, साक्षीदार नाहींत, कोणास बोलावणें नाहीं. तिच्यावर वर्षासन नव्हतें.

राहिला तो पिंतेवरचा खलाशी. टांचणांत त्याचें नांव रोद्रिगो दे त्रियाना आहे. पुढें कोलंबसाच्या वारसांनीं राजसत्तेविरुद्ध जे दीर्घ दावे चालविले, त्यांत १५१५ त जबानी देतांना गार्सिया वाय्येहो नांवाच्या पिंतेवरील खलाशानें प्रथम जमीन पाहणारा म्हणून ह्वान रोद्रिगेस बेर्मेहो हें नांव सांगितलें, आणि चांदण्यांत पांढऱ्या वाळूचें टोंक दिसलें असें वर्णन केलें. दोन नांवांचा मनुष्य एकच कीं निराळा, ह्यावर विद्वानांत एकमत नाहीं. आम्ही एकच मानतों. चांदण्याची गोष्ट मात्र घड्याळाशीं जुळते: त्या रात्रीं चंद्र अकराच्या सुमारास उगवला होता, आणि दोन वाजतां तो पाठीमागून समोरच्या वाळूवर प्रकाश टाकीत होता. ह्या साऱ्या कागदांत चंद्र जागच्या जागीं असलेली ही एकच साक्ष, व ती खलाशाची आहे. रेशमी बंडी त्यास दिल्याचें टांचणांत कोठें लिहिलेलें नाहीं.